ग्रुप शूटचे फोटो : रंग किती बदलायचा आणि कुणाला काय पाठवायचं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी.
गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या ग्रुपच्या १४ गाड्या पहाटे साडेपाचला चांदणी चौकात जमल्या आणि पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे निघाल्या. ढग खाली उतरलेले, रस्ता ओला, ऊन नावालाही नाही. गाड्यांच्या फोटोंना याहून चांगला उजेड मागून मिळत नाही. पाच कॅमेरे होते, शिवाय प्रत्येकाचा फोन. घरी येऊन सगळं एकत्र केलं तर २३०० च्या वर फोटो भरले.

मी त्याच रात्री बसून साठेक फोटो एडिट केले आणि व्हॉट्सअॅपवर टाकले. सकाळी पिस्ता_पद्मिनी यांचा मेसेज आला, "फोटो सुरेख आहे, पण ही माझी गाडी नाही." मला आधी कळेचना. मग मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिला. पिस्ता रंग गेला होता आणि त्या जागी समुद्रासारखा निळसर हिरवा आला होता. मी सगळ्या फोटोंना एकच प्रीसेट, म्हणजे रंग बदलण्याचा तयार साचा, लावला होता. मनापासून वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो एडिट करताना रंगाला कितपत हात लावायचा? आणि इतके फोटो सगळ्यांपर्यंत नीट पोचवायचे कसे? दोन मालकांना आपल्या गाडीचा एकही धड फोटो मिळालेला नाही, हे मला काल कळलं.

कांदाभजी
पौडला थांबून गरम भजी खाल्ली, त्याचे फोटो कुणाकडे आहेत? त्यांचा रंग मात्र कुणी बदलू नका. :)

पिस्ता_पद्मिनी
घाटमाथा, राग अजिबात नाही हो. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत. पण मी का बोललो ते सांगतो.

गाडी वडिलांची, जुनी पद्मिनी. रंगवायला काढली तेव्हा बाहेरचा रंग उन्हाने इतका विटला होता की मूळ छटा कुठली तेच कळत नव्हतं. पेंटरने दाराच्या आतलं रेक्झिनचं पॅनेल उघडलं. त्याच्या मागे तळहाताएवढा पत्रा होता, त्याला कधी ऊन लागलंच नव्हतं. तिथे खरा पिस्ता मिळाला. तो तुकडा घेऊन आम्ही नाना पेठेत तीन वेळा गेलो. दोनदा रंग जुळला असं दुकानात वाटलं आणि बाहेर उजेडात आणला की पिवळा दिसायचा. तिसऱ्यांदा जमला. त्या एका रंगात सव्वा महिना गेला.

तुमचा फोटो मी आईला पाठवला, तर तिचा फोन आला, "रंग बदललास का रे?" एवढंच.

दुर्बीण
हे का झालं ते सांगते, कारण पावसाळ्यात हे हमखास होतं.

सप्टेंबरात ताम्हिणीचा हिरवा रंग कॅमेऱ्यात भडक येतो. फोन तर तो आणखी वाढवतो. मग आपण एडिट करताना तो हिरवा दाबतो. बहुतेक प्रीसेट हेच करतात, हिरव्याची छटा निळ्याकडे सरकवतात आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवतात. सॉफ्टवेअरला गवत कुठलं आणि गाडी कुठली ते कळत नाही, त्याला फक्त हिरवा कळतो. पिस्ता म्हणजे हिरव्याचाच भाऊ. गवताबरोबर तोही गेला. लाल किंवा पांढऱ्या गाड्यांवर तोच प्रीसेट बिनबोभाट चालला असणार.

उपाय सोपा आहे. आधी गाडीचा मास्क करा, म्हणजे फोटोत गाडीचा भाग वेगळा निवडा, तो उलटा फिरवा म्हणजे गाडी सोडून बाकीचं निवडलं जाईल, आणि मगच हिरव्याला हात लावा. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडणारा मास्क आहे, एका फोटोला दोन मिनिटं लागतात. खिडकीच्या काचा आणि चाकांच्या कडा मात्र हाताने नीट कराव्या लागतात.

डिझेलधूर
थोडं वेगळं मत मांडतो. फोटो म्हणजे काही आरटीओची नोंद नाही. काढणाऱ्याने त्याला जे दिसलं, जसं वाटलं, तसं दाखवावं. माझी टाटा सिएरा काळसर निळी आहे. दुर्बीणताईंनी तिचा एक फोटो जवळजवळ कृष्णधवल केलाय, आणि माझ्याकडे त्या गाडीचा त्याहून चांगला फोटो नाही. मागची ती छतापर्यंत वळलेली काच, तिच्यात ढग उतरलेत. १९९१ मध्ये आपल्या पुण्यातल्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, असा आकार रस्त्यावर आणला होता, हे तो फोटो बघून नव्याने जाणवलं. सगळे फोटो 'जसेच्या तसे' ठेवले असते तर हे झालं नसतं.

पिस्ता_पद्मिनी
@डिझेलधूर, कृष्णधवल केलं तर बघणाऱ्याला कळतं की रंग काढलाय. पिस्त्याचा निळा झाला की बघणारा तोच खरा रंग समजतो. माझी हरकत फक्त एवढ्यालाच आहे.

डिझेलधूर
हे मान्य. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

रंगशाळा
मी तीस वर्षं गाड्यांच्या रंगकामात काढली, त्यामुळे राहवत नाही.

पिस्ता_पद्मिनी, दुकानात जुळलेला रंग बाहेर पिवळा दिसला, याला कारण आहे. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले तर एका उजेडात ते हुबेहूब दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फाटतात. ट्यूबलाइटखाली जुळलेलं ढगाळ उजेडात जुळेलच असं नाही. म्हणून जाणता पेंटर नमुना घेऊन दुकानाबाहेर येतो.

फोटोवाल्यांनाही हे लागू आहे. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली काढलेल्या फोटोतून गाडीचा खरा रंग कुणालाच परत आणता येणार नाही. त्या दिव्याच्या उजेडात जवळजवळ एकच पिवळा असतो, बाकीचे रंग त्यात नसतातच. जे टिपलंच गेलं नाही ते एडिट करून कुठून येणार? पण रविवारी ढगाळ दिवस होता, म्हणजे रंग सगळे आहेत. नीट काढा, मिळतील.

आणखी एक. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांना सपाट रंग असायचा. आजच्या मेटॅलिकमध्ये धातूचे बारीक कण असतात, वर पारदर्शक थर असतो. तो रंग समोरून उजळ आणि तिरक्या कोनातून गडद दिसतो. तेव्हा मेटॅलिक गाडीचा 'खरा रंग' एका फोटोत सापडत नाही. सपाट रंगाच्या गाडीला मात्र एक खरा रंग असतो आणि तो चुकला की लगेच डोळ्यात येतो.

नवशिका
माझी पांढरी स्विफ्ट खालच्या अर्ध्या भागात हिरवट आलीय. तीही प्रीसेटमुळेच का? मी फक्त फोनने काढले होते.

दुर्बीण
नाही, ती खरोखरच हिरवट होती. पांढरी गाडी गवतात उभी केली की दारांच्या खालच्या भागात गवताचं प्रतिबिंब पडतं. डोळा ते दुरुस्त करून घेतो, कॅमेरा घेत नाही. पुढच्या वेळी गाडी डांबरावर उभी करा. आताच्या फोटोत त्या भागावर ब्रश फिरवून हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पूर्ण काढू नका, नाहीतर गाडी कापून चिकटवल्यासारखी दिसेल.

आणि सगळ्यांनाच विनंती, प्रत्येक जागी पहिला फोटो ग्रे कार्डचा, म्हणजे ठरावीक राखाडी पुठ्ठ्याचा, काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगांची दुरुस्ती, त्यावरून घेता येतो. साधा पांढरा कागद चालत नाही, त्यात निळसर चमक आणणारी द्रव्यं असतात.

सोनकी
गाडी डांबरावर उभी करायचं वेगळं कारण मी सांगते. रविवारच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, लाल गाडी पिवळ्या फुलांच्या मधोमध. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण ती सोनकी आहे, आणि गाडी तिथे पोचली ती सोनकी आणि तेरडा चिरडूनच. मागे चाकांच्या दोन रेघा स्पष्ट दिसताहेत. ही फुलं वर्षातून काही आठवडेच येतात. बी धरायच्या आत चिरडली तर पुढच्या वर्षी तिथे तेवढी कमी.

तो फोटो कृपा करून पुढे पाठवू नका. तो बघून पुढच्या रविवारी आणखी दहा गाड्या तिथे उतरतील.

तिसरागिअर
ती लाल गाडी माझी. मी रस्त्यावरून खाली उतरवताना विचारच केला नाही. फोटो काढून टाकलाय आणि फोनमधूनही पुसलाय. ताई, पुढच्या वेळी असं होणार नाही.

सोनकी
धन्यवाद दादा. फुलं पुढे ठेवून, गाडी रस्त्यावर मागे धूसर ठेवलीत तर तोच फोटो अजून छान येतो. लेन्स गवताच्या उंचीवर आणा.

सिंहगडरोडवाला
एडिटिंगचाच विषय आहे तर विचारतो. मी माझ्या एका फोटोत आकाश बदलून संध्याकाळचं टाकलं. बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी खटकतंय, पण काय ते कुणालाच सांगता येत नाही. काय चुकलं?

दुर्बीण
बॉनेट बघा. गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. तुमच्या आकाशात केशरी संध्याकाळ आहे आणि बॉनेटवर, टपावर, पुढच्या काचेत सकाळचे राखाडी ढग आहेत. शिवाय गाडीखालची सावली मऊ आहे, सूर्य असता तर ती एका बाजूला कडक पडली असती. आकाश बदलायचं तर ही सगळी प्रतिबिंबंही बदलावी लागतात. त्यापेक्षा संध्याकाळी जाऊन फोटो काढणं सोपं.

प्रतिबिंबाचा बंदोबस्त फोटो काढतानाच करावा. पोलरायझर फिल्टर फिरवला की काचेवरची चमक जाते आणि आतलं स्टीअरिंग दिसतं. हे सगळ्यात चांगलं होतं ते काचेच्या लंबापासून साधारण ५६ अंशांच्या कोनात. पण गाडी सगळीकडून वळलेली, त्यामुळे एका फोटोत बॉनेट स्वच्छ होतं तेव्हा दार चमकतं. म्हणून मी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, फिल्टर थोडा थोडा फिरवत तीन फोटो घेते आणि घरी तिन्हींतले चांगले भाग जोडते. सिएराचा फोटो तसाच जोडलेला आहे. क्रोमवर मात्र फिल्टरचा परिणाम होत नाही, धातूची चमक तशीच राहते.

एक सावधगिरी. बाजूच्या काचा टफन केलेल्या, म्हणजे तापवून कणखर केलेल्या असतात. पोलरायझरमधून त्यांच्यावर कधी कधी ठिपके किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसतात. काच खराब नाही, तिच्यातला ताण दिसतो तो. रविवारी दोघांनी मला "काचेला काय झालं?" म्हणून विचारलं, म्हणून लिहिलं.

नवशिका
ताई, तो दुसरा विचारणारा मीच होतो. मी रात्री झोपलो नव्हतो!

काळाकोट
रंगाचं झालं, आता हक्काचं बोलतो. वकिली करतो म्हणून लोक मला व्यक्तिगत मेसेजमध्ये विचारताहेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक साधारणपणे फोटो काढणारा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढून घेणारा. रविवारी कुणी कुणाला पैसे दिले नाहीत, म्हणजे प्रत्येक फोटो ज्याने काढला त्याचा. गाडी तुमची असली म्हणून फोटो तुमचा होत नाही. फोटोचं संरक्षण काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं.

त्यामुळे दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर आपला प्रीसेट लावून, आपलं नाव कोपऱ्यात टाकून तो इन्स्टाग्रामवर चढवू नये. नाव द्यावं आणि आधी विचारावं.

डिझेलधूर
हे मला भोवलंय. तीन वर्षांपूर्वी एका शूटमधला माझ्या गाडीचा फोटो एका गॅरेजने आपल्या जाहिरातीत वापरला. खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे नव्यासारखी केलेली'. माझी गाडी त्या गॅरेजात कधी गेलेलीच नाही. सिएरा घेतल्यापासून तिचं इंजिन मी आणि माझा मिस्त्री, आम्ही दोघांनी सोडवलंय. मिस्त्रीने ती जाहिरात पाहिली आणि महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता. त्याला वाटलं, मी गाडी दुसरीकडे नेली. फोटो ग्रुपमधूनच गेला होता, कुणी पुढे पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून माझा आग्रह आहे की ग्रुपबाहेर जाणाऱ्या फोटोत नंबरप्लेट झाकलेली हवी. प्लेट दिसत असल्यामुळे ओळखीच्या प्रत्येकाला ती माझीच गाडी असल्याचं कळलं.

सिंहगडरोडवाला
प्लेट झाकायचं मला पटत नाही. गाडी रोज रस्त्यावर फिरते, नंबर हजार लोक बघतात. फोटोतच एवढं काय?

काळाकोट
रस्त्यावर बघणाऱ्याला नंबर दिसतो, पण ती गाडी कुणाची, कुठे राहते, मालक रविवारी सकाळी घरी नसतो, हे दिसत नाही. अल्बममध्ये हे सगळं एका जागी मिळतं. झाकावी असं माझं मत. पण एडिट करतानाच. चालत्या गाडीची प्लेट रस्त्यावर कापडाने किंवा स्टिकरने झाकणं नियमाविरुद्ध आहे, शूटसाठी म्हणूनसुद्धा.

दुर्बीण
आणि झाकायची तर ठोस रंगाने भरा. फोनच्या मार्करने काळं केलेलं पुष्कळदा अर्धपारदर्शक असतं, उजेड वाढवला की आकडे पुन्हा दिसतात.

आकुर्डीकर
पाठवण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. मी दोन मोठ्या ग्रुपचे अल्बम सांभाळतो.

व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने टाकला की तो लहान होऊन जातो. मग तोच डाउनलोड करून कुणी पुन्हा एडिट करून टाकतो, आणि तिसऱ्या हातात पोचेपर्यंत ग्रिलच्या जाळीचा चिखल होतो. एचडी निवडलं तर बरं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. पण त्यात लोकेशनही जातं! फोनने घराच्या पार्किंगमध्ये काढलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलात, तर घराचा पत्ताच पाठवलात असं समजा. आधी लोकेशन काढून टाका.

२३०० फोटो कुणीही बघत नाही. एक जेपेग ८ एमबीचा धरला तरी हजार फोटोंचे ८ जीबी होतात, आणि गुगलची फुकट जागा मेल धरून १५ जीबी आहे. म्हणून आधी निवड, मग एडिट, मग ड्राइव्हची लिंक, आणि व्हॉट्सअॅपवर फक्त लिंक.

निवड करताना आमच्याकडे एक नियम आहे, तो तुम्हाला उपयोगी पडेल. फोटो चांगला आहे का, हे दुसऱ्या फेरीत बघायचं. पहिल्या फेरीत गाडीनुसार फोल्डर करायचे आणि प्रत्येक फोल्डरमध्ये किमान पाच फोटो होईपर्यंत पुढे जायचं नाही. एक समोरून, एक बाजूने, एक चालताना, एक आतला, एक मालकासोबत. तुमच्या दोन मालकांना फोटो मिळाले नाहीत, कारण सगळे कॅमेरे सिएरा आणि पद्मिनीभोवती होते. दुर्मीळ गाडीकडे लेन्स आपोआप वळते. रांगेत शेवटी उभी असलेली साधी गाडी कुणीतरी ठरवून टिपावी लागते.

अजून एक, निघण्यापूर्वी सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच फोनवरच्या घड्याळाचा फोटो काढायचा, सेकंदासकट. नंतर वेळा जुळवल्या की पाचही कॅमेऱ्यांचे फोटो क्रमाने लागतात. आमचा एक कॅमेरा एकदा साडेतीन तास मागे होता, आम्ही दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या.

तिसरागिअर
पाच फोटोंचा नियम +१. चालत्या गाडीचे मात्र रस्त्याकडेला उभं राहून, कॅमेरा गाडीबरोबर फिरवतच काढावेत. गाडी ताशी ४० च्या वेगात आणि शटर १/६० सेकंद ठेवलं तरी चाकं छान फिरतात. रविवारी एकजण पुढच्या गाडीच्या डिकीत बसून, दार उघडं ठेवून काढत होता. घाटात ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

घाटमाथा
खरंय. मी तिथे होतो आणि थांबवायला हवं होतं. पुढच्या शूटपासून हे बंद.

बाकीचं असं करतोय. आकुर्डीकर काकांच्या पद्धतीने १४ फोल्डर केलेत. पाच फोटो १२ गाड्यांचे भरले. उरलेल्या दोन गाड्यांसाठी पाचही कॅमेऱ्यांचे न निवडलेले फोटो पुन्हा चाळतोय, कुणाच्या फोनमध्ये राखाडी वॅगन आर किंवा अल्टो मागे दिसत असेल तर आज रात्रीपर्यंत पाठवा. फोटो ग्रुपबाहेर देण्याआधी काढणाऱ्याला आणि मालकाला, दोघांना विचारायचं. प्लेट ज्याला हवी त्याची झाकतो, फक्त कळवा.

पिस्ता_पद्मिनी, मास्क करून फोटो नव्याने केलाय. दाराच्या आतल्या पत्र्याचा दिवसाच्या उजेडातला फोटो तुम्ही पाठवलात, तो शेजारी ठेवूनच रंग लावला. ड्राइव्हवर आहे, बघून सांगाल?

पिस्ता_पद्मिनी
पाहिला. जवळ आलाय, पण माझ्याकडे अजून पिवळट दिसतोय.

रंगशाळा
किती वाजता बघताय? फोनचा डोळ्यांना आराम देणारा मोड रात्री आपोआप चालू होतो, पडदा पिवळा करतो. तो बंद करून बघा.

पिस्ता_पद्मिनी
काका, तेच होतं! बंद केला आणि रंग जागेवर आला. घाटमाथा, हाच. अगदी हाच. याची मोठी प्रिंट काढायची आहे, मूळ आकाराची फाईल मिळेल का?

घाटमाथा
लगेच टाकतो. छापण्याआधी एक छोटा नमुना काढून दाराच्या पत्र्याशी बाहेर उजेडात जुळवून बघा.

शेवटचीअल्टो
पहिल्यांदाच लिहितोय. रांगेतली शेवटची राखाडी अल्टो माझी. काल रात्री फोल्डर उघडला तर त्यात सहा फोटो आहेत. कुणी काढले माहीत नाही, सगळ्यांचे आभार.

एक विनंती आहे. चौथ्या फोटोत मागच्या काचेतून माझी मुलगी बाहेर बघतेय, काचेला नाक लावून. तो अल्बममध्ये ठेवू नका. पण मला तो हवाय, जेवढा मोठा मिळेल तेवढा.

दुर्बीण
तो मी काढला होता. घाटमाथा, तो अल्बममधून काढून टाका. दादा, मूळ फाईल तुम्हाला एकट्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवलीय, लोकेशन काढून. रंगाला हात लावलेला नाही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं आहे, तेही तसंच ठेवलंय.